मातीच्या चहादाणीला लागलेला साबण

झिलई नसलेल्या मातीच्या चहादाणीला एकदा साबण लागला, तर तो तिच्यातून पुरता निघतो का? या एका प्रश्नामागे आमचे यंदाचे नवरात्र ते दिवाळीचे दिवस गेले.

चहादाणी आमच्या मुलीची. ऑफिसच्या कामासाठी ती तैवानला गेली होती, तेव्हा तिने ती पारखून घेतली. ओंजळीत मावेल एवढी, पिकल्या जांभळाच्या रंगाची. पारखण्याची रीत तिने मला दाखवली होती. चहादाणीत पाणी भरून धार धरायची आणि झाकणावरचे बारीक छिद्र बोटाने बंद करायचे. धार थांबली, तर झाकण नीट बसते असे समजायचे. मग आतून वास घ्यायचा. मातीखेरीज दुसरा कसला वास आला, तर ती सोडून द्यायची. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. हवेच्या दाबाचा हा प्रयोग मी शेजाऱ्यांनाही करून दाखवला.

बंगळूरला घर बदलताना फुटू नये म्हणून मुलीने चहादाणी नाशिकला आमच्याकडे ठेवली. तिच्यात भाजक्या पानांचा एकच चिनी चहा करायचा आणि नंतर ती नुसत्या गरम पाण्याने विसळायची, एवढेच तिने सांगितले होते.

घट बसण्यापूर्वी आमच्याकडे फळीवरचे प्रत्येक भांडे खाली येते. पत्नीने त्यात चहादाणीही घेतली आणि आतला तपकिरी थर निघेपर्यंत लिंबाच्या वासाच्या साबणाने घासली.

“अगं, माठाला कधी साबण लावतेस का?”

“माठात पाणी असतं. यात किटण होतं. तसंच ठेवून घट बसवू?” थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “दिवाळीला येईल ती. तिला चव कळते हो. हिरमुसेल.”

मला कोडे वेगळेच पडले. माठ पाझरतो. ही चहादाणी जास्त आचेवर भाजलेली असल्याने पाझरत नाही. मग साबणाचा वास राहिला, तर राहील कुठे?

मी एका कपात साधे गरम पाणी घेतले, दुसऱ्यात चहादाणीत मुरलेले, आणि पत्नीला डोळे मिटून ओळखायला सांगितले.

“दोन्हींना लिंबाचा येतोय.”

“दोन्हींना कसा येईल?”

“माझ्या हातांना येतोय. सकाळपासून भांडीच घासतेय ना मी. तुम्ही काय घासलंत?”

प्रयोग बाद झाला. हात नुसत्या पाण्याने धुऊन, कप मी धरून, तो पुन्हा केला. तिने चहादाणीचे पाणी अचूक ओळखले आणि तिचा चेहरा उतरला.

मग उपाय सुरू झाले. पातेल्याच्या तळाशी फडके घातले, म्हणजे चहादाणी आपटणार नाही. ती थंड पाण्यात ठेवूनच पातेले मंद आचेवर चढवले, कारण एकदम उकळते पाणी लागले तर माती तडकू शकते. पाणी बदलत राहिलो. वास ओळखू येईनासा झाल्यावर त्याच चहाची पाने घालून उकळले. शेवटी झाकण काढून ती सावलीत वाळवली. बंद कपाटात ओल राहिली तर बुरशी धरते.

दिवाळीला मुलगी आली. तिने चहा ओतून घेतला. तिला काही सांगायचे नाही, आधी पिऊ द्यायचे, असे आमचे ठरले होते. पण कप तिच्या ओठांना लागायच्या आतच पत्नी म्हणाली, “मी साबणाने घासली होती ती.”

मुलीने घोट घेतला, मग आणखी एक. “साबण नाही लागत, आई. पण चवीला आधीसारखी मऊ गोलाई पण नाही.”

“म्हणजे घालवलीच ना मी?”

“अगं, घालवली कसली? वापरात राहिली की येईल. इथेच ठेव आणि रोज तूच यात चहा कर.”

“दुधाशिवाय?”

“दुधाशिवाय.”

पत्नीने तोंड वाकडे केले. तरी चहादाणी तिने उचलून स्वतःच्या फळीवर ठेवली.

माझा प्रश्न मात्र सुटलेला नाही. चव खरोखर उतरली होती, की साबणाचे ऐकल्यामुळे मुलीला तशी लागली, हे मला सांगता येत नाही. तुमच्याकडे अशी चहादाणी असेल, तर एका कपात साधे गरम पाणी आणि दुसऱ्यात तिच्यात मुरलेले पाणी घ्या, पिणाऱ्याला काहीही न सांगता दोन्ही द्या, आणि माझ्या शब्दावर न विसंबता स्वतः पडताळून पाहा.