पाणपिसवांचा दाखला

प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण पढतमूर्ख कशाला म्हणतात ते मला बोईसरजवळच्या एका तळ्यावर कळलं.

कारखान्यांच्या मागच्या अंगाला ते तळं. मासवणकडून लग्न होऊन तिथे आलेली एक बाई त्यात जाळं टाकून बारीक मासळी धरायची आणि बाजारात विकायची. एका उन्हाळ्यात नाल्यातून काळं पाणी आलं आणि मासे उलटे तरंगले. नाल्याचं तोंड तळ्यापासून वळवा, एवढंच तिचं मागणं होतं. ग्रामपंचायतीने पाणी तपासायला मला बोलावलं.

मला सवड झाली ती गणपतीनंतर. तोवर पाणी निवळलं होतं. माझ्या जाळीत पाणपिसवा आल्या, ठिपक्याएवढे कवचवाले जीव, आणि काय टपोऱ्या! घाण पाण्यात त्या टिकत नाहीत, हे मी वर्गात घोकून घेतो. मी हरखलोच. बाई बांधावरून म्हणाली, "सर, मासली नाय बगा एक पन."

"येईल हो मावशी," मी म्हटलं. आणि लिहून दिलं, तळं निरोगी आहे.

ग्रामसभेत सरपंचांनी माझा कागद वाचून दाखवला. बाई उभी राहिली.

"ते किडं मासलीचं खानं हाय. खानारं कोनी ऱ्हायलं नाय, म्हनून एवढं माजलं. सर, तुमीच सांगा, खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. मासे असलेल्या तळ्यात या पिसवा लहान आणि विरळ, मासे नसलेल्यात मोठ्या आणि बक्कळ, हेही मीच शिकवतो. त्यांची अंडी चिखलात तग धरतात, पाणी सुधारलं की थोड्याच दिवसांत पिसवा परत येतात. मासे असे येत नाहीत. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या लख्ख आठवलं. पण भर सभेत, शाळेची पायरीही न चढलेल्या बाईकडून आपली चूक ऐकून घ्यायची? मला लाज वाटली, तीही नको त्या गोष्टीची.

"कागदात लिहिलंय तेच खरं," मी म्हणालो.

बाई खाली बसली. सरपंचांनी पुढचा विषय घेतला.

नाला अजून त्याच तळ्यात उतरतो. तिने नवा अर्ज दिला की उत्तराला माझ्या त्या कागदाची झेरॉक्स जोडतात.