नाकेदारांची दोन कुलपं

नाकेदार कोठीतून बाहेर आले की उंबऱ्यावर उभे राहून आधी स्वतःचे खिसे उलटे करत. सदऱ्याचे, मग कोटाचे. दारात जो कोणी असेल त्याला ते पाहावेच लागत. कुणी नसलं तर ते तिथंच थांबत, पण खिसे दाखवल्याशिवाय पायरी उतरत नसत. मी भाकरकेंद्रात मदतीला म्हणून पहिल्यांदा गेले त्या दिवशी हा प्रकार पाहून मला हसू फुटलं. ते लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आता तुमची पर्स."

मी कन्याशाळेत शिक्षिका. गावात लोक मला वाट सोडून नमस्कार करत, आणि हा म्हातारा माझी पर्स उघडायला सांगत होता! मी उघडली, पण मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत कोठीत ज्वारीची पोती आणि तुरीची डाळ, बस्स. पर्समध्ये मी डाळ भरून नेणार होते की काय?

भाकरकेंद्र म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी अण्णांनी सुरू केलेलं अन्नछत्र. आसपासच्या गावांतून, अगदी ताडकळसपासून, सुगीत खळ्यांवर जाऊन ज्वारी मागून आणायची आणि ज्यांना करून घालणारं कुणी नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना रोज दुपारी भाकर-वरण वाढायचं. अण्णा कापडाचे व्यापारी, देवमाणूस. त्यांचा सगळ्यांवर विश्वास. कोठीला कुलूप नव्हतंच, "धर्माच्या दाराला कडी कशाला?" असं ते म्हणत. त्या विश्वासापायी केंद्र एकदा बंद पडलं. चोर कुणी एक नव्हता. ज्याला अडचण आली त्याने ज्वारी नेली, थोडी किड्यांनी खाल्ली, आणि ऐन उन्हाळ्यात पोती रिकामी निघाली. म्हातारी माणसं मात्र रोज येऊन बंद दारासमोर बसत होती. त्यांत धुरपताबाई नावाची एक म्हातारी होती. तिला घर असं नव्हतंच, मारुतीच्या पाराला टेकून राहायची. ती त्या दिवसांत इतकी खंगली की उचलून दवाखान्यात न्यावी लागली. ते पाहून अण्णांनी हाय खाल्ली आणि नाकेदारांना बोलावून आणलं.

नाकेदार तरुणपणी निजामाच्या राज्यात करोडगिरीच्या नाक्यावर होते. येणाऱ्याजाणाऱ्याचा माल तपासून जकात घ्यायची, हे काम. राज्य गेलं, नाका गेला, पुढं त्यांनी तहसिलात कारकुनी करून पेन्शनही घेतली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आल्या आल्या त्यांनी कोठीला एक सोडून दोन कुलपं लावली. एक किल्ली सोपानरावांना दिली, दुसरी काशिनाथला. गाव चाट पडलं. नामांतराचे ते दिवस. विद्यापीठाचं नाव बदलू नये म्हणून मोर्च्यात पुढं असणारे शेतकरी म्हणजे सोपानराव, आणि नाव बदललंच पाहिजे म्हणून नाल्यापलीकडच्या वस्तीत सभा घेणारा सुतारकाम करणारा काशिनाथ. दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. दोघं आल्याशिवाय कोठी उघडणार नव्हती.

"अहो, दुसरी माणसं नव्हती का?" मी विचारलं.

"सोयरे नकोत, दोस्त तर बिलकुल नकोत," नाकेदार म्हणाले. "इमान माणसात शोधू नये बाई, रिवाजात ठेवावं. हे दोघं एकमेकाला मूठभर ज्वारी उचलू देणार नाहीत."

आणि खरोखरच उचलू दिली नाही. सोपानराव पुढे, काशिनाथ मागे असे ते कोठीत जात आणि दोघंही परत येताना एकमेकांच्या हातांकडे पाहत. त्या वर्षी पुढची सुगी आली तरी कोठीत ज्वारी शिल्लक होती.

दान देणाऱ्यांचीही नाकेदारांनी गय केली नाही. एका बड्या बागायतदाराने गाजावाजा करून पोती पाठवली. नाकेदारांनी सगळ्यांदेखत धान्याचा नमुना काढायची लोखंडी परखी पोत्याच्या बुडाशी खुपसली. वर टपोरी ज्वारी आणि खाली काळी पडलेली, खड्यांनी भरलेली. अण्णा कासावीस झाले. "नाकेदार, धर्माच्या गाईचे दात काय पाहायचे?"

"गाईचे नाही पाहायलो अण्णा. खाणाऱ्यांचे पाहायलोय. तोंडात दात नसलेली माणसं आहेत, खडे कशानं चावतील?" पोती त्याच गाडीने परत गेली. बागायतदाराने अण्णांशी बोलणं टाकलं. गावात कुजबुज सुरू झाली की नाकेदाराचं दुसरीकडे कुठं तरी साटंलोटं असणार.

खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. पगार नाही, मान नाही, वर शिव्याशाप. जगात एकाही माणसावर भरवसा नसलेला हा गृहस्थ भुकेल्यांसाठी रोज कशाला येतो? मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. काही सापडेना तेव्हा एकदा तोंडावरच विचारलं, "यातून तुम्हाला काय मिळतं?"

ते रागावले नाहीत. उलट बरं वाटल्यासारखे दिसले. म्हणाले, "नाक्यावर लय लोकांची गाठोडी सोडली मी. चोरटा माल सापडंल म्हणून सोडायची. बहुतेकांच्यात भाकर निघायची. काहींच्यात तीसुद्धा नाही." हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की मला तेही रचून ठेवल्यासारखं वाटलं. मी विश्वास ठेवला नाही.

मग एका वर्षी नामांतरावरून पुन्हा वातावरण पेटलं. गाव बंद, एसटी बंद, पेठेत चिटपाखरू नाही. म्हातारी माणसं बोळाबोळांतून कशीबशी केंद्रात येऊन बसली होती. चूल पेटलेली, आणि कोठीला दोन कुलपं! काशिनाथने यायचं तर सगळी पेठ ओलांडून यायचं. पेठेत कोण कुठं काठी घेऊन उभं असेल याचा नेम नव्हता. मला वाटलं, संपलं. धुरपताबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तिच्याकडे पाहवेना. तेवढ्यात दारात दोघं दिसले. सोपानराव स्वतः नाल्यापर्यंत जाऊन काशिनाथला घेऊन आले होते. आडवं कुणी आलं असतं तर आधी सोपानरावांशी गाठ होती. बंद उठेपर्यंत हे असंच चाललं. एक दिवसही भाकर चुकली नाही.

पुढं दोघं कोठीच्या पायरीवर बसून तंबाखू मळताना दिसू लागले. नामांतरावर वाद घालायचे, पण हसत. मला गहिवरून येई. नाकेदारांनी मात्र ते पाहिलं आणि त्याच आठवड्यात सोपानरावांची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"माज्यावर शक?" सोपानराव उसळले. "म्या काय कमी केलं? कुनाचा दाना खाल्ला?"

"शक नाही. दोस्ती झाली तुमची. चांगलंच झालं. पण आता दारावर कुलूप एकच राहिलं."

काशिनाथ शांत माणूस, तोही चिडला. "म्हंजे भांडत व्हतो तवा भरोसा व्हता, अन् आता न्हाई?"

"तेव्हाही नव्हता," नाकेदार म्हणाले. "तुमच्या भांडणावर होता."

मी त्यांना सरळ सांगितलं की तुम्हाला काळीज नाही. सोपानराव त्यानंतर रोज दारात येऊन बसू लागले, मी कोठी नीट उघडते की नाही ते पाहायला. किल्ल्या दोघांकडे, पहारेकरी तिसरा! नाकेदारांना हेच हवं होतं की काय, असा संशय मला आजही आहे.

किल्ली माझ्याकडे आली तशी त्यांची माझी रोज गाठ पडू लागली. ते आमच्या घरी चहाला येत. एकदा साखर जरा सढळ हाताने पडली, तर घोट घेऊन कप खाली ठेवला. "काय काम आहे बाई?" असा माणूस! पण पाऊसपाण्याचं बोलता बोलता ते मला कधी 'बेटी' म्हणू लागले ते त्यांनाही कळलं नसावं. मलाही ते आले नाहीत की चुकल्याचुकल्यासारखं होई.

एका दुपारी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "ज्वारी कमी वाटायलीय?" मी म्हटलं, "जेवणारे वाढलेत, दळण जास्त गेलं." ते 'बरं' म्हणाले आणि चालू लागले. पायरीपाशी थबकले. त्यांचा चेहरा पडला होता.

"बेटी, मी आत जाऊन पाहिलं नाही."

"मग पाहा ना," मी म्हटलं. ते आत गेले नाहीत. पुढच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "बाईंवर माझा भरोसा बसलाय. मी आता इथं कामाचा राहिलो नाही. माझ्या जागी पोस्टातल्या त्या बाबूंना घ्या. त्यांचं अन् बाईंचं एक दिवस पटत नाही." अण्णांनी हातापाया पडून पाहिलं. मी सगळ्यांदेखत रडले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल काढलेला हा एकच चांगला शब्द, आणि तो काढून ते चालले होते. गावाने अर्थातच म्हटलं, काहीतरी पकडलं गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी कोठी उघडली. पोस्टातल्या बाबूंनी माझी पर्स तपासली. पंगत बसली, धुरपताबाई जेवली, भाकर जाड आहे म्हणून कुरकुरली आणि गेली. नाकेदार कुठं आहेत, हे तिनेच काय, एकाही माणसाने विचारलं नाही. मला सगळ्यांचा संताप आला. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मी तो बोलून दाखवला.

ते बाजेवर उठून बसले. "कुणीच विचारलं नाही?"

"कुणीच नाही."

"वेळेवर वाढलं?"

"हो."

"सगळ्यांना पुरलं?"

"पुरलं." त्यांनी माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "मला बरं वाटावं म्हणून तर सांगायलाव नाही ना?"

दुसऱ्या दिवशी पंगत वाढत असताना खिडकीतून मला ते दिसले. समोरच्या रस्त्यावर, लिंबाच्या आड, काठीवर भार देऊन उभे होते. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. शेवटचा माणूस जेवून हात धुवेपर्यंत ते तिथंच होते. मग वळून हळूहळू घराकडे गेले, आणि त्या रस्त्याला पुन्हा कधी आले नाहीत.