भरली गाडी, रिकामी गाडी

मनुष्याच्या अंतरीचा अंधार कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही, असे आमच्या बारामतीच्या नेत्रालयात डार्क रूमच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणाले. डोळ्याला किती अंधारातले दिसते, हे मोजण्याचेच यंत्र आत बसवले होते. पाहुण्यांना ते कोणी सांगितले नसावे. टाळ्या ओसरल्यावर पहिल्या रांगेतून आवाज आला, "येतो की मोजता! गाडी रिकामी करा अन् तोला."

हे तात्या. कोऱ्हाळे बुद्रुकचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म काढून निवृत्त झालेले. त्या दिवशी त्यांना 'रुग्णांचे प्रतिनिधी' म्हणून बोलावले होते. समई उठून दिसावी म्हणून सभागृहातले दिवे घालवले होते. प्रतिनिधींना रातांधळेपणा आहे, म्हणून तर ते प्रतिनिधी, हे आयोजक विसरले. तात्या मंचाच्या पहिल्या पायरीशी थांबले. "लाईट लावा, मग बोलतो." लाईट लागल्यावर काहीच बोलले नाहीत. नारळ घेतला आणि जागेवर येऊन बसले.

मी तिथे तपासणीचे काम करते. तात्यांचा आजार घराण्यातून आलेला. आधी रात्रीचे दिसणे कमी होते, मग नजर कडेकडेने आत आक्रसत जाते. शेवटी माणूस नळीतून पाहिल्यासारखे जग पाहतो. तात्यांची आई दिवेलागणीनंतर भिंत धरून चालायची. घरात त्याला नशीब म्हणत. तात्यांना त्या नशिबाचे वजन हवे होते.

दर सहा महिन्यांनी ते येत. डार्क रूमकडे जाणाऱ्या बोळात उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर खांदा आपटला की म्हणत, "म्याडम, हितं दिवा लावा." मी कार्यालयात विचारले. डार्क रूमच्या वाटेवर उजेड कशाला, असे उत्तर आले. तुम्हीच सांगा, याला काय म्हणावे?

आत गेल्यावर चाळीस मिनिटे मिट्ट काळोखात बसायचे. डोळा अंधाराला सरावला की अगदी मंद ठिपक्यापासून सुरुवात करून, कोणता ठिपका दिसतो ते नोंदायचे. बाकीचे रुग्ण कंटाळतात. तात्यांना हे पहिल्याच दिवशी पटले. "म्हंजी सकाळपासून डोळ्यात भरल्यालं ऊन आधी उतरवायचं. बरोबर हाय. रिकामी गाडी तोलल्याबिगर उसाचं वजन कळतं व्हय?" डोळ्यातल्या पडद्याच्या फोटोत कडेने काळे ठिपके दिसले, तेव्हा वाकून बघत म्हणाले, "उसाचं पाचट पेटवल्यागत काजळी पडलीय. किती वाढली? गोडगोड सांगू नका. मोजा."

त्यांची एकच मुलगी. इंदापूरला शाळेत शिक्षिका. दुपारची पाळी संपवून अंधारात घरी जाताना तिची स्कूटर दोनदा उसाच्या ट्रेलरला घासली होती. दोन्ही वेळा ट्रेलरला रिफ्लेक्टर नव्हते. आमच्याकडे ते कोणत्याच ट्रेलरला नसतात, त्यामुळे दोष डोळ्यांचा की ट्रेलरचा, हा प्रश्न तिने सोयीने सोडवला होता. स्वतःची तपासणी मात्र ती टाळत होती. एकदा तात्या तिला हट्टाने घेऊन आले. "आधी तुमची बघू," ती म्हणाली आणि मागे खुर्चीवर बसली.

नजरेचा घेर मोजायचे यंत्र म्हणजे मोठा पांढरा वाडगा. तात्या त्याला घमेले म्हणत. त्यात तोंड घालायचे, समोर बघत राहायचे आणि कुठेही ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. त्या दिवशी तात्यांनी बटणाचा सपाटा लावला.

छापलेला कागद आधीच्यापेक्षा चांगला निघाला. मुलगी उठलीच. "बघा! तात्या ठणठणीत आहेत. मग माझी कशाला तपासणी?"

तात्यांचा चेहरा पडला. कागदावर माझे बोट खालच्या ओळीवर होते. यंत्र मधूनमधून काहीच न चमकवता गप्प राहते, उगाच बटण दाबणारा सापडावा म्हणून.

"तात्या, ठिपका नसतानाही तुम्ही सात वेळा दाबलंत."

मग तात्या हसले. "म्याडम, आमच्या काट्यावर ट्रॅक्टरवाले काय करायचे ठावं हाय? भरली गाडी तोलताना दोन माणसं उसात लपवायची, अन् रिकामी तोलताना उतरवायची. तेवढंच वजन जास्त. म्या लई जणांना कान धरून उतरवलं. आज मीच माणसं बसवली."

"पण का?" मुलीने विचारले.

"तू मागं बसली हुतीस. म्हटलं, बापाचं बरं दिसलं तर लेक भ्यायची न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फाडा त्यो कागद. पुन्हा तोला. अन् पोरी, तू हितं फुडं उभी ऱ्हा. काय हाय ते बघ."

दुसरा कागद निघाला. मधे थोडे पांढरे, बाकी सगळे काळे. मुलीने तो बराच वेळ हातात धरला. मग पर्स बापाकडे दिली आणि घमेल्यात तोंड घातले.

तिच्या कागदावर मधला भाग स्वच्छ होता. भोवती काळ्या कड्याची सुरुवात होती, खालच्या बाजूला अजून तुटलेली.

"किती?" तात्यांनी विचारले. मी आकडे सांगितले. त्यांनी एकदाच मान हलवली.

"स्कूटर?" तिने विचारले.

"ऊन असेपर्यंत," मी म्हणाले.

"मग सकाळची पाळी मागून घेते," ती म्हणाली. "नाही दिली तर हा कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवते."

"पुढच्या टायमाला दोघं येतो," तात्या म्हणाले. "एकाच काट्यावर."

त्यानंतर तीन वर्षे दोघे बरोबर येत राहिले. बोळात ती पुढे आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तात्या मागे. बटण पुन्हा उगाच दाबले गेले नाही. त्यांच्या कागदावरचा पांढरा भाग रुपयाएवढा उरला होता, तेव्हाही ते "किती?" असेच विचारत. गेल्या वर्षी हृदयविकाराने गेले. डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

परवा मुलगी एकटी आली. सकाळची पाळी तिला मिळाली आहे. बोळात थबकली, भिंत चाचपली आणि तशीच उलट फिरून कार्यालयात गेली. मला अजून बरीच वर्षे इथे यायचे आहे, म्हणाली, वडिलांच्या स्मरणार्थ या बोळात दिवा लावायचा आहे. कार्यालयाने पाटीवर काय लिहायचे ते विचारले. पाटी नको, दिवाच लावा, असे तिने सांगितले.

डार्क रूमच्या दाराच्या फटीतून उजेड आत येऊ नये म्हणून मी खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून घेतली आहे. दिवा नऊ वॅटचा आहे.