सोजरकाकीचा खुबा

आमच्या शेजारच्या सोजरकाकीला कोणाचे दोन हात मोकळे दिसले की फुगडी आठवायची. पाहुणी दारात आली की पाणी नंतर, आधी दोन गिरक्या. मी नेहमी कोपरा धरून बसणारी, म्हणून मलाच ओढायची. "ए लाजाळू, ऊठ. अंगाला गंज चढंल!"

गेल्या वर्षी नागपंचमीला साठीच्या काकीने बसफुगडी धरली. उकिडवं बसून उड्या मारायच्या. समोर मीच. पाचव्या उडीला तिच्या खुब्यात कटकन वाजलं. खाली बसली ती उठेना. तरी पहिलं बोलली ते हेच, "बाळूला कळलं तर फुगडी कायमची बंद करल माझी. तुला माझ्या गळ्याची शपथ, तोंडातून एक शब्द काढायचा न्हाई."

दोन महिने काकी लंगडली. बाळू, तिचा मुलगा, विचारायचा तेव्हा म्हणायची, "गोठ्यात घसरले." बाम झाला, शेक झाला. शेवटी बाळूने जालन्याला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबतीला मी.

"हाड चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. "नक्की कशा पडलात?"

"शेणावर."

"कोणत्या अंगावर?"

काकी अडखळली. "दोन्ही."

डॉक्टर गोळ्या लिहायला लागले. मला राहवेना. मी चौथी शिकलेली, परक्यासमोर स्वतःचं नाव सांगतानाही माझा आवाज निघत नाही. पण शपथ फक्त न बोलण्याची होती. मी चपला काढल्या, पदर खोचला, टेबलापुढे उकिडवी बसले आणि चार उड्या मारल्या.

"अगं बया! काय करून राह्यली?" काकी ओरडली. मग तिला राहवेना. "टाचा उचल! अशी असती का बसफुगडी?"

डॉक्टरांनी हसू दाबत पेन खाली ठेवलं. बाळूने कपाळाला हात लावला.

तपासणीत खुब्यातला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, फाटलेला निघाला. बारीक भोकं पाडून दुर्बिणीने ऑपरेशन केलं. भेटायला आलेल्या बाया एवढुसे टाके पाहून नाराजच झाल्या. काकी म्हणाली, "मोठं भोक पाडून दावू का मंग?"

पण डॉक्टरांनी बसफुगडीला बिलकुल नाही म्हटलं. यंदा पंचमीला काकी खुर्चीवर गप्प बसली होती, हात मांडीवर. बाळू दारातच उभा होता. मी कोपऱ्यातून उठले, सगळ्यांसमोर दुसरी खुर्ची ओढली आणि दोन्ही हात पुढे केले. बसल्या जागी, नुसत्या हातांची फुगडी. बाळू दारातून बाजूला झाला.

"शपथ मोडलीस तू," काकी म्हणाली.

"एक शब्द तरी बोलले का?"

"न्हाई. पर डॉक्टरापुढं फुगडी लई वंगाळ घातलीस. चल, आता बराबर शिक."