न तापणारं इंजिन

धाकट्या जावेचा फोन आला, "अक्का, ह्यास्नी परत झटका आला... गेले वो." रडू नंतर आलं. पहिला विचार आला तो गावच्या बोटीचा. आता तिचं इंजिन कोण बघणार? हे बरं दिसत नाही, पण झालं तसं लिहिते.

माझे दीर, विलासभाऊजी, फौजेत गाड्यांचे मिस्त्री होते. निवृत्त होऊन कृष्णाकाठच्या आमच्या गावी आले आणि पुराची बोट त्यांच्याकडे आली. तिच्या इंजिनात थर्मोस्टॅट नावाची अंगठ्याएवढी झडप असते. इंजिन गार असताना ती मिटलेली राहते, तापलं की उघडून पाणी फिरू देते. गाळानं ती अडकते, म्हणून भाऊजी दर पावसाळ्याआधी ती काढून घासायचे. एका वर्षी ते लेकीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याला होते आणि झडप मिटलेलीच अडकली. नवी मिळेना. भाऊजी नसताना बोटीची जबाबदारी माझ्यावर होती. आमच्याकडे ट्रॅक्टर तापायला लागला की थर्मोस्टॅट काढूनच फेकतात. मीही मेकॅनिकला तेच करायला लावलं. भाऊजी परतले, पाठोपाठ पूर आला आणि त्यांना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे... मी सांगितलं नाही.

बोटीत नऊ बायका, दोन शेळ्या आणि मी. देवळाजवळ भाऊजींनी वेग कमी केला तसं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. बोट आडवी होऊन विजेच्या तारांकडे वाहत निघाली. तारा पाण्यापासून हातभरच वर होत्या. भाऊजी इंजिनाची दोरी ओढत होते. एक म्हातारी ओरडली, "आवं फौजी, मारायलाच आणलंय व्हय आमास्नी?"

"गप बस म्हातारे, एवढ्या पाण्यात यम बी यायचा न्हाई!"

कुणी हसलं नाही. मी त्यांच्याजवळ सरकले. कशीबशी म्हणाले, "भाऊजी, थर्मोस्टॅट काढलाय... मीच काढायला लावला."

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. इंजिन पुन्हा चालू झालं तसा, वेग कमी केला तर परत बंद पडेल म्हणून, पुरा वेग देऊन त्यांनी बोट थेट उसात घुसवली. उतरताना एवढंच बोलले, "लय गार इंजन बी मरतंय, वैनी."

त्यानंतर नवी झडप बसली आणि दर पावसाळ्याआधी ते ती माझ्या स्वयंपाकघरात तपासू लागले. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडायची, शेजारी डेअरीचं थर्मामीटर, त्यावर नेलपॉलिशची लाल खूण. खाली गॅस बारीक. पारा खुणेला टेकला की झडप उघडलीच पाहिजे. "बघून ठेवा. मी नसंन तवा तुमालाच करायचं हाय." मी म्हणायचे, "मला स्वयंपाक करू द्या."

यंदा ते पातेलं मीच चढवलं. पारा खुणेवर गेला, झडप ढिम्म. आमचे मालक, भाऊजींचे थोरले भाऊ, म्हणाले, "काढूनच टाकू की." मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की ते बाहेर निघून गेले. नवी मागवली आहे, अजून आलेली नाही. नदी घाटाच्या पायऱ्या चढते आहे. मी रोज झडप घासते, दोऱ्याला बांधते, पाण्यात सोडते. कालपासून ती उघडते, पण खुणेच्या जरा पुढं... तो 'जरा' किती चालतो, ते विचारायला माणूस नाही.