किल्ल्यासाठी घेतलेली बॅटरी

आमच्या जळगावकडे टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही, बॅटरी म्हणतात. बॅटरी ही शेतकऱ्याची वस्तू. रात्रीच्या पाळीला लाईट आली की केळीच्या बागेत मोटार चालू करायला जायचं, म्हणून ती दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. बाईमाणसाने स्वतःसाठी बॅटरी घेतल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी घेतली, आणि तीही फिरायला जायला. आमच्या शेजारणीचं माहेर रावेरकडे, केळीवाल्यांचं. ती म्हणाली, "आमचे भाऊ झक मारत अंधारात जातात हो. तुम्ही हौसेने जाणार?"

हो, हौसेने जाणार होते. मला हौस असू शकते हे लोकांना सांगावं लागतं, याचाच मला संताप येतो.

मी विज्ञान शिकवायचे, गेल्या वर्षी निवृत्त झाले. लग्न केलं नाही. आई गेल्यावर भडगावजवळच्या गावातलं घर बंद करून आबांना, म्हणजे वडिलांना, मेहरूणला माझ्याकडे आणलं. आबांचं वय झालंय. दिवसा ते ठीक असतात. दुपारी मी शिकवणीला जाते तेव्हा एक मावशी येऊन थांबतात. रात्री मात्र ते उठतात, दार उघडतात आणि गिरणेकाठच्या शेतात जायचंय म्हणून चपला शोधायला लागतात. त्यामुळे रात्री घरात मीच लागते. आई गेल्यापासून मी एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही. धाकटा भाऊ पुण्याला असतो. आबांना काय खायला द्यावं, कोणत्या डॉक्टरकडे न्यावं, हे तो तिथून फोनवर सांगतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

सकाळी मेहरूणच्या तलावाभोवती आम्ही काही बायका फिरतो. दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं की जानेवारीत धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर जायचं, ऊन उतरल्यावर चढायचं, आणि पायथ्याशी तंबूत रात्र काढून सकाळी परत यायचं. एकच रात्र. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "जा की ताई, मी शुक्रवारीच येतो. आबांजवळ मी थांबेन." इतकं सहज म्हणाला की मला लाजच वाटली, आपण हे आधी का नाही विचारलं म्हणून.

प्रत्येकीने आपापली बॅटरी आणायची होती. बाकीच्यांनी घरातली उचलली किंवा नवऱ्याला सांगितलं. मला मात्र निवडायची होती. बाजारातल्या दुकानदाराने एक दांडक्याएवढी काढली आणि भरदुपारी समोरच्या दुकानाच्या पाटीवर तिचा झोत मारून दाखवला. "फोकस पहा मॅडम! पार स्टेशनपर्यंत जाईल."

मी विचारलं, "मंद उजेडावर किती तास चालते?"

"मंद कशाला? फुल लावा ना."

"तंबूत सात जणी असणार. त्यांच्या डोळ्यांत स्टेशनपर्यंतचा फोकस मारू?"

तो हसला आणि म्हणाला, "असं करा, मिस्टरांना पाठवून द्या. त्यांना समजावतो."

मिस्टर नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला काय करायचंय? तिथून निघाले आणि घरी येऊन चार रात्री मोबाईलवर बॅटऱ्या पाहत बसले.

त्या रात्री मजेत गेल्या, हे कबूल केलं पाहिजे. ल्यूमेनचे मोठमोठे आकडे छापणाऱ्यांच्या नादी लागायचं नाही हे मला लगेच कळलं. तो आकडा पहिल्या काही मिनिटांचा असतो, मग बॅटरी तापते आणि आपोआप उजेड कमी करते. वाटेवर पायाखालचा दगड दिसला पाहिजे, त्यासाठी लांब जाणारा बारीक झोत नको, पसरट उजेड हवा. मोबाईलच्याच चार्जरने चार्ज होणारी हवी. आतला सेल काढून बदलता आला पाहिजे, नाहीतर सेल गेला की अख्खी वस्तू भंगारात. पाण्याचे शिंतोडे सोसणारी हवी. लाल दिवा असला तर उत्तम, कारण रात्री कुणी उठलं तर बाकीच्यांची झोप मोडत नाही. आणि पिशवीत दाबली जाऊन पेटू नये म्हणून तिला कुलूप हवं. आबा गावाला जाताना त्यांच्या स्टीलच्या बॅटरीतला एक सेल उलटा घालून ठेवायचे, ते याचसाठी.

शेवटी घेतली ती वीतभरही नव्हती. काळी, साधी, पेरूएवढ्या वजनाची. घरातला मिक्सर भावाने पाठवलेला, टीव्ही त्याच्याकडचा जुना, कपाट आईचं. माझ्या मनाने, माझ्यासाठी, चार गोष्टी वाचून घेतलेली ही पहिली वस्तू. आली त्या दिवशी मी घरातले सगळे दिवे घालवून ती लावली. आबा खाटेवर उठून बसले. त्यांनी ती हातात घेतली, आपल्या तळव्यावर उजेड पाडून पाहिला आणि अहिराणीत विचारलं, "कोनाकरता लयनी?"

"माझ्यासाठी आबा. मी किल्ल्यावर जाणार आहे."

"भारी शे," ते म्हणाले, आणि उठून त्यांनीच ती दाराजवळच्या खिळ्याला टांगली.

शुक्रवारी भाऊ आला नाही. म्हटलं, शनिवारी सकाळच्या गाडीने येईल. शनिवारी सकाळी फोन आला. त्याच्या मुलाची मॅच होती, अचानक ठरली होती आणि बायकोला एकटीला जमणार नव्हतं. "ताई, पुढच्या वेळी नक्की. किल्ला कुठे पळून जातोय का?" मी तिकिटाचं विचारलं. तो म्हणाला, काढणारच होतो. म्हणजे काढलंच नव्हतं. मॅच अचानक ठरली असेलही, पण यायचं त्याने ठरवलंच नव्हतं. दुपारी बायकांची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन दोनदा वाजली. मी खाली जाऊन त्यांच्यासाठी केलेल्या दशम्यांचा डबा तेवढा देऊन आले. भरलेली पिशवी मी दोन दिवस सोडली नाही. सोडताना स्वतःचाच राग आला, की या वयात एका रात्रीसाठी एवढं काय ते.

बॅटरी खिळ्यालाच राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी मी ती चार्जरला लावायचे आणि पुन्हा टांगायचे. वापर काहीच नव्हता. तलावावरच्या बायकांनी फेब्रुवारीत दुसरीकडे जायचं ठरवलं तेव्हा मला विचारलंही नाही. चुकलं नाही त्यांचं. नकार द्यायला लावायचा म्हणजे तिलाच वाईट वाटेल, असा त्यांनी विचार केला असणार. माणसं अशी चांगुलपणानेच आपल्याला यादीतून काढतात.

मे महिन्यात भाऊ सहकुटुंब आला, चार दिवस. जळगावचा मे. बाहेर पाऊल टाकलं तर भाजून निघतं, म्हणून सगळे कूलरसमोर लोळून होते. आबांजवळ रात्री त्यातलं कोण झोपलं? मीच. जायच्या दिवशी त्याची नजर खिळ्याकडे गेली. जूनमध्ये त्याच्या ऑफिसचे लोक सह्याद्रीत कुठल्याशा गडावर मुक्कामाला जाणार होते. त्याने बॅटरी लावली, मिटवली, पुन्हा लावली.

"ताई, जबरदस्त आहे ही! तुला कशाला एवढी? तू कुठे जातेस?"

त्याच्या बोलण्यात जराही दुष्टपणा नव्हता. तो खरंच विचारत होता. तू का नाही आलास, म्हणून कुठे जात नाही, असं सांगायला तोंड उघडलं, तर भावजय म्हणाली, "वापरात राहिली तर बरी राहील हो." आयत्या बिळावर नागोबा. बॅटरी त्याच्या बॅगेत गेली, कुलूप कसं लावायचं तेही मीच दाखवलं.

जूनमध्ये त्याचा फोन आला, तक्रारीचा. "काय बॅटरी घेतलीस ताई! गडाच्या अर्ध्या वाटेवर बंद. सगळे हसले मला. रात्रभर चार्ज करून नेली होती. फसवलं तुला, दुकानात जाऊन नीट बघून घ्यायला हवी होती." मी फोन ठेवला. माझी निवड चुकली हे मला पटेना. एवढा विचार करून घेतलेला सेल, न वापरता, पाच-सहा महिन्यांत बसतोच कसा?

दुसऱ्या दिवशी शिकवणीला सुट्टी होती, म्हणून दुपारी मी घरी होते. पाऊस अजून यायचा होता, ऊन मी म्हणत होतं. आबा उठले, दाराजवळच्या खिळ्याखाली गेले, भिंतीवरून हात फिरवला, मग मागच्या गॅलरीत गेले. गॅलरीच्या खाली शेजाऱ्यांचं पत्र्याचं छप्पर आहे, कठड्यावरून हात पोचतो. त्या तापलेल्या पत्र्यावर ते काहीतरी शोधत होते.

"आबा, काय पाहताय?"

"बॅटरी कोठे गयी व? उनमा ठेवानी राही गयी."

"उन्हात कशाला?"

माझ्या अडाणीपणाचं त्यांना नवल वाटलं. "ऊन लागनं का सेलमा दम येस. तू किल्लावर जाशी ना, म्हनीसन मी रोज उनमा ठेवस."

रोज. मी शिकवणीला गेले की ते तिला खिळ्यावरून काढत आणि पत्र्यावर ठेवत, मी यायच्या आत परत टांगत. मावशींना त्यात काही वावगं वाटलं नसणार. जुन्या सेलचं असंच करायचे. मऊ पडलेले सेल उन्हात ठेवायचे, मग ते आणखी एखादी रात्र निभावून नेत. भडगावकडे सगळेच करायचे, मीही लहानपणी सेल पत्र्यावर मांडलेत. त्या सेलना ते चालून गेलं. या लिथियमच्या सेलला ऊन म्हणजे विष. मार्च, एप्रिल, मे, त्या पत्र्यावर भाकरी भाजली असती. सेल आतून शिजला होता. विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला आणि माझ्याच घरात हे चाललं होतं.

मला रडू आलं नाही, राग आला. त्यांच्यावर आला, हे लिहायला बरं वाटत नाही, पण आधी त्यांच्यावरच आला. मग राग टिकेना. जानेवारीपासून या घरात, गल्लीत, पुण्यात, मी कुठे जाणार आहे असं कुणीही धरून चाललं नव्हतं. मीसुद्धा नाही. एकटे आबाच तसं धरून चालले होते, आणि त्यांच्यामुळेच मला जाता येत नव्हतं.

"बॅटरी भाऊने नेली, आबा," मी सांगितलं.

"त्याले कसाले? जावानं तर तुले शे." त्यांना ते आवडलं नाही. मग माझ्याकडे वळून, अगदी हलक्या आवाजात, मोठ्या माणसाने लहानाला धीर द्यावा तसं म्हणाले, "जाय तू, माय. काय काळजी करू नको. रातले घर देखाले मी शे ना."