रेंजच्या खांबावरचा फोन

"हा ठेवा तुमचा फोन. अन् माहा जुना वापस द्या."

सोमाजीभाऊंनी कापडी थैलीसकट फोन काउंटरवर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. शनिवारची सकाळ होती. धानोऱ्याच्या बसस्टँडसमोरच्या माझ्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं, झाडूही मारून व्हायचा होता. मोबाइल विकणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. फोन परत आणणारी गिऱ्हाइकं मला नवीन नाहीत. पण या फोनवर मी आदल्या आठवड्यात अख्खी दुपार घातली होती, त्यामुळे मला ते लागलं.

जुना फोन परत देण्यात अर्थच नव्हता. त्याची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. असा फोन घरात ठेवणं धोक्याचं. म्हणूनच त्यांच्या मुलीनं, रोशनीनं, हा स्मार्टफोन घेऊन दिला होता. रोशनी गडचिरोलीला एका दवाखान्यात नर्स आहे.

नवीन फोन डब्यातून काढून तसाच देणारे दुकानदार मला आवडत नाहीत. कंपनी त्यात नको ते गेम आणि जाहिराती भरून पाठवते. ते सगळं मी काढलं होतं. बॅटरी सेव्हर बंद केला होता. तो चार्जिंग वाचवायच्या नादात कामाची ॲप्सही झोपवून टाकतो. सोमाजीभाऊंच्या गावात फोरजीची रेंज येते आणि जाते. फोन दिवसभर टॉवर शोधत बसतो आणि त्यातच दमतो. म्हणून मी तो टू-जीवर बांधून दिला होता. कॉल येईल, मेसेज येईल. फोटो धानोऱ्याला आल्यावर पाहायचे. आवाज पूर्ण वर. स्वतः कॉल करून खात्रीही केली होती.

"काय झालं ते तर सांगा, भाऊ."

"काय होते? वाजत नाई. मागच्या शनिवारी पोरगी फाट्यावर उभी राह्यली अन् मी घरी बसून राह्यलो."

त्यांचं गाव मोठ्या रस्त्यापासून आत आहे. बस फाट्यावर सोडते, तिथून पुढे जंगलातली वाट. अंधार पडायच्या सुमाराला त्या वाटेनं कोणी एकटं जात नाही. बस कधी येईल याचा नेम नाही, म्हणून रोशनी फाट्यावर उतरली की फोन करते आणि भाऊ मोटारसायकल काढतात. त्या दिवशी फोन वाजलाच नाही. वाट पाहून पोर शेवटी चालत निघाली. वाटेत अस्वल आडवं गेलं.

"काही केलं नाई त्यानं," भाऊ म्हणाले. "पण घरी आली तं तोंडातून शब्द नाई निघे तिच्या. तिची आई तवापासून माह्याशी बोलून नाई राह्यली. म्हणते, पोरीले सांगून द्या, येऊ नोको आता. आज शनिवार हाय, बाई. आज येनार हाय थे."

मग मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला. मी माझ्या मोबाइलवरून कॉल लावला. सोमाजीभाऊंचा फोन असा खणखणला की समोरच्या चहावाल्यानं मान वर करून पाहिलं.

"इथी वाजते," भाऊ शांतपणे म्हणाले. "घरी नाई वाजत."

मी कॉलची यादी उघडली. मागच्या शनिवारी संध्याकाळी रोशनीचे मिस्ड कॉल ओळीनं पडले होते. म्हणजे रेंज होती, कॉल पोचला होता, फोननं आपलं काम केलं होतं.

"हे पाहा, कॉल आलते. तुमाले आयकू नसन आले."

"मी बहिरा हाय का? मोहाचं फूल खाली पडलं तं मले आयकू येते!"

त्यांचे कान पाहायचा अधिकार मला नव्हता, म्हणून मी विचारलं की घरी फोन कुठे असतो. घरात रेंज नाही. अंगणातल्या मांडवाच्या एका खांबाशीच ती लागते. त्याला घरचे रेंजचा खांबच म्हणतात. फोन दिवसभर या थैलीत घालून तिथे टांगलेला. मी फोन थैलीत घातला, बाहेर खिळ्याला अडकवला आणि पुन्हा कॉल केला. थैलीतूनही छान ऐकू आलं. आता मात्र माझी अक्कल चालेना.

तेवढ्यात यादीतली एक गोष्ट नजरेत भरली. मिस्ड कॉल किती वेळ वाजला, तेही हा फोन दाखवतो. ते सगळे कॉल अगदी जरासेच वाजले होते.

"रोशनी फोन इतक्या लवकर काऊन कापते?"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाताला भात काऊन म्हणतात असं विचारलं होतं. मी मूळची वरोऱ्याची. तिकडे फोन उचलून बोलतात.

"फाट्यावरून बोलनं होतच नाई, बाई. आवाज तुटते. घंटी तेवढी येते. दोन घंट्या दिल्या का समजाचं, पोरगी उतरली. आमच्याकडं सारेच असं करतेत."

"पण एवढा वेळ कोणी येत नाही म्हटल्यावर तिनं लंबी घंटी द्यायची होती न!"

"कशी देईन? लंबी घंटी वाजली म्हंजे कोनी गेलं. तिच्या आईनं तिथंच अंग टाकलं असतं."

म्हणजे पोर त्या फाट्यावर उभी राहून पुन्हा पुन्हा दोनच घंट्या देत राहिली. आई घाबरू नये म्हणून.

मी पुन्हा कॉल लावला आणि या वेळी दुसऱ्या घंटीला कापला. खिळ्यावरच्या थैलीतून कोणी घसा साफ करावा इतकाच आवाज आला. अंगणात कोंबड्या असतील तर तेवढाही ऐकू यायचा नाही.

त्या सेटिंगचं नाव वाढती रिंग. फोन एकदम जोरात वाजून माणूस दचकू नये म्हणून रिंग आधी हळू सुरू होते आणि मग चढत जाते. हा फोन ती सेटिंग चालू ठेवूनच डब्यातून निघतो. दुकानात आम्ही कॉल लावतो तेव्हा तो बराच वेळ वाजू देतो, मोठा आवाज ऐकतो आणि खूश होतो. रोशनीचा कॉल मात्र आवाज चढायच्या आतच संपत होता.

मी ती सेटिंग बंद केली. कंपनीची रिंगही काढली, कारण ती बासरीनं सुरू होत होती. त्याजागी जुन्या टेलिफोनची ट्रिंगट्रिंग लावली. मग भाऊंना रस्त्यापलीकडे पाठवलं, पार बसस्टँडच्या मागे. थैली खिळ्यावर. एक एसटी इंजिन चालू ठेवून उभीच होती, ते बरंच झालं. दोन घंट्या देऊन मी कॉल कापला.

स्टँडच्या कोपऱ्यावरून भाऊंचा हात वर आला.

परत आल्यावर त्यांनी थैली खांद्याला अडकवली. जुन्या फोनची गोष्ट काढली नाही. पायरी उतरताना म्हणाले, "पोरगी घरी आली का सांगतो तुमाले."

दिवसभर काम केलं, पण लक्ष नव्हतं. स्क्रीन बदलायला आलेल्या एका फोनचं झाकण मी उलटं बसवलं. माझ्या स्वतःच्या फोनची वाढती रिंग दुपारीच बंद करून टाकली. दिवे लागले, गडचिरोलीची बस स्टँडवर थांबून पुढे गेली. त्या बसमध्ये रोशनी असणार होती. मी शटर अर्धं ओढलं आणि तशीच बसून राहिले.

फोन वाजला. सोमाजीभाऊंचं नाव. सवयीनं उचलायला हात पुढे गेला, तो मी मागे घेतला. एक घंटी. दुसरी घंटी. तिसरी आली असती तर काय, हा विचार पुरता मनात यायच्या आत फोन गप्प झाला.

मी शटर खाली ओढलं.

फोन चांगला की वाईट हे कंपनी ठरवत नाही, दुकानदारही नाही. तो कुठे टांगतात आणि त्यावर घंटी किती वेळ देतात, ते आधी विचारावं. माझ्या दुकानातला फोन आता दोन घंट्यांवर तपासल्याशिवाय बाहेर जात नाही.